मेलेला कंटेनर लॉग लिहीत नाही

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की आता सकाळच्या चहाबरोबर सगळ्या कंटेनरची (घरच्या सर्व्हरवर वेगवेगळ्या डब्यांत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) खबर मिळते. ते वाक्य मागे घेतो. नऊ दिवस बॅकअप झाला नव्हता, आणि माझा एजंट (कंटेनरचे लॉग, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदी, वाचून अहवाल देणारा प्रोग्रॅम) रोज सकाळी सांगत होता, 'गंभीर एरर आढळली नाही.' खोटं बोलत नव्हता बिचारा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडामांड थोडक्यात. ऐरोलीतलं घर, शोकेसवर ८ जीबी रॅमचा जुना मिनी पीसी, त्यावर डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चौदा कंटेनर. (इकडच्या पट्ट्यात खरी डेटा सेंटरं आहेत, त्यांच्या छतावर भले मोठे चिलर. आमच्याकडे एक टेबलफॅन, तोही पाहुणे आले की त्यांच्याकडे वळतो.) एजंट म्हणजे लॉग वाचायला माझी पायथॉन स्क्रिप्ट, आणि तिच्यामागे गेमिंगच्या पीसीवर ओलामात (भाषा-मॉडेल घरच्या घरी चालवायचं सॉफ्टवेअर) चालणारं क्वेन २.५ चं ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल. लॉग घराबाहेर पाठवायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं, कारण एका ॲपने टोकनसकट, म्हणजे गुप्त किल्लीसकट, अख्खी यूआरएल लॉगमध्ये छापलेली सापडली.

एजंटच्या हातात तीनच गोष्टी आहेत: कंटेनरची यादी काढणं, लॉग आणणं आणि इन्स्पेक्ट (कंटेनरची सविस्तर माहिती पाहणं). रीस्टार्ट नाही, एक्झेक (कंटेनरच्या आत आज्ञा चालवणं) तर नाहीच. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये बाहेरचा कुठलाही बॉट यूझर-एजंट (ब्राउझरने आपली ओळख सांगायची जागा) म्हणून वाट्टेल ते वाक्य लिहून जातो, आणि ते वाक्य थेट मॉडेलच्या पुढ्यात येतं. 'आधीच्या सूचना विसर' असं कुणी लिहून गेलं, तर निदान हात बांधलेले असावेत. डॉकरचं सॉकेट (त्याला आज्ञा द्यायचं दार) 'आरओ', म्हणजे रीड-ओन्ली, लावून माउंट केलं की काम झालं असं मला बरेच दिवस वाटत होतं. तसं होत नाही. सॉकेटची फाइल रीड-ओन्ली झाली तरी त्यातून एपीआयला, म्हणजे डॉकरच्या आज्ञा घेणाऱ्या भागाला, हवी ती आज्ञा जाते, आणि सॉकेट हातात असणं म्हणजे होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, रूट (सर्वाधिकारी) असणंच. म्हणून मध्ये सॉकेट-प्रॉक्सी (आज्ञा गाळून पुढे पाठवणारा मध्यस्थ) बसवला आणि त्यात पोस्ट विनंत्या (काही बदलणाऱ्या आज्ञा) बंद ठेवल्या.

पहिला प्रयोग भाबडा होता: दिवसभराचा लॉग उचलला आणि मॉडेलपुढे ओतला. संदर्भाची मर्यादा (मॉडेल एका वेळी वाचू शकतं तेवढा मजकूर) ओलांडली की ओलामा निमूटपणे मजकूर कापतो, कुरकुर करत नाही. मॉडेलने जेवढं दिसलं तेवढ्याचा छान सारांश दिला. मग म्हटलं, फक्त एसटीडीईआरआर (प्रोग्रॅमची चुका छापायची वेगळी वाट) आणू, चुका तिथेच असणार. पण पोस्टग्रेस हा डेटाबेस आपलं साधं 'चेकपॉइंट पूर्ण' सुद्धा तिथेच लिहितो. 'एरर' शब्द शोधला, तर 'एरर्स=०' असलेल्या ओळींचा ढीग मिळाला.

शेवटी कामाला आली ती जुनी, बिनबुद्धीची युक्ती. प्रत्येक ओळीतले वेळ, आयपी आणि आयडी काढून तिथे खूण ठेवायची, सारख्या दिसणाऱ्या ओळी एकत्र करायच्या आणि किती वेळा आल्या ते मोजायचं. हजारो ओळींच्या शे-दोनशे होतात. मॉडेल तेवढंच वाचतं, आणि कालच्या यादीत नसलेलं आज काय आलं ते सांगतं. हे काम त्याला खरंच चांगलं जमतं.

एक ठेच मध्येच सांगून टाकतो. डॉकरचा जेसन-फाइल ड्रायव्हर (लॉग फाइलीत लिहिणारा भाग) आपणहून लॉग फिरवत नाही, म्हणजे जुनं टाकून नवी फाइल सुरू करत नाही, फाइल फुगत जाते. मी डीमन.जेसन या डॉकरच्या सेटिंगच्या फाइलीत १० एमबीच्या तीन फाइली अशी मर्यादा घातली. ती फक्त नव्याने तयार केलेल्या कंटेनरना लागते, म्हणून जुने सगळे पुन्हा उभे केले. आता बडबड्या कंटेनरचा २४ तासांचा लॉग ३० एमबीत मावतच नाही. एजंट 'गेले २४ तास' म्हणतो आणि वाचतो सहा.

आता तो बॅकअप. गणपतीचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवरून एकदम इमिच या फोटो साठवायच्या ॲपमध्ये आले, रात्री चेहरे ओळखण्याचं काम सुरू झालं, रॅम भरली. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मेमरी मोकळी करायला बकरा शोधला, तो निघाला माझीच बॅकअपची स्क्रिप्ट. सिगकिलमध्ये (प्रोग्रॅमला तत्काळ मारायचा संकेत) शेवटचा शब्द बोलायची सोय नसते. तिच्या लॉगमधली अखेरची ओळ होती 'बॅकअप सुरू', वेळ २१:००. आधी वाटलं ही संध्याकाळची कुठली? डॉकर वेळ यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) छापतो, म्हणजे आपले पहाटेचे अडीच, तारीख मात्र आदल्या दिवशीची. एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो आकडा) १३७, म्हणजे १२८ अधिक सिगकिलचा क्रमांक ९. खरी हकिगत होस्टच्या कर्नल लॉगमध्ये होती, आणि तिथे एजंटला मी कधी पाठवलंच नव्हतं. रीस्टार्ट पॉलिसीही (कंटेनर मेला तर आपोआप उठवायचा का) प्रयोग करताना 'नो' ठेवली होती, ती तशीच राहिली.

आणि एजंटला दिसलं का नाही? एपीआयकडे यादी मागितली की ती फक्त चालू कंटेनरची येते. 'ऑल' खरं करून मागितलं तरच मेलेले दिसतात. तेरा जिवंत कंटेनर तपासून तो 'सगळं ठीक' म्हणत होता. घणसोलीच्या मित्राने हे ऐकून फोनवर एवढंच विचारलं, "अरे, पीएसला मायनस ए कोण लावणार?" (पीएस ही कंटेनरची यादी काढायची आज्ञा; मायनस ए लावलं की मेलेलेही दिसतात.)

आता यादी 'ऑल'ने येते. शिवाय एक छोटी फाइल केली आहे: कुठल्या कंटेनरने किती तासांत कुठली ओळ लिहायलाच हवी. ती तपासणी साध्या कोडमध्ये आहे, मॉडेलला विचारतच नाही. कर्नल लॉगमधल्या 'आउट ऑफ मेमरी'च्या ओळीही स्क्रिप्टच आणून देते.

परवा रात्री बॅकअपचा कंटेनर मुद्दाम डॉकर किलने (तोच सिगकिल पाठवणारी आज्ञा) मारला. काल सकाळी अहवालाची पहिलीच ओळ: 'बॅकअप बंद, एक्झिट १३७, अपेक्षित ओळ आली नाही.' त्याखाली मॉडेलने आपल्या मनाने कारण जोडलं होतं: बहुधा मेमरी कमी पडली. कर्नल लॉगमध्ये तशी एकही ओळ नव्हती.