हरिहरला जाऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

पाऊस सुरू झाला की नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्याबद्दल हा प्रश्न येतोच. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "या शनिवार-रविवारी आम्ही सात-आठ जण जायचं म्हणतोय. आजवर कुणीच ट्रेक केलेला नाही. हरिहर करून येऊ का?" मी नको म्हणते. समोरचा हिरमुसतो, कारण त्या उभ्या पायऱ्यांचा व्हिडिओ त्याने ग्रुपवर टाकून झालेला असतो.

माझा नकार पायऱ्यांच्या चढाला नाही. चढ जबरदस्त आहेच. जवळपास ८० अंशांत कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि बोटं अडकवायला बाजूला खोबण्या. १८१८ साली हा भाग इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जनेही त्या चढाबद्दल धास्तावूनच लिहून ठेवलं आहे. तरी धडधाकट नवख्या माणसाला त्या पायऱ्या बहुतेक वेळा जमतात. अडचण वेगळीच आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे खालपासून वरपर्यंत माणसांची रांग लागते आणि वाट एका माणसापुरतीच. मधेच कुणाचे पाय लटपटायला लागले तर मागे फिरायचं कसं? खाली रांग, वर रांग. आणि उतरणारेही त्याच पायऱ्यांनी येणार. माझ्या लेखी पहिला ट्रेक तोच, जो अर्ध्यावर सोडून घरी येता येतं. बाकी उंची, अंतर, फोटो, सगळं त्यानंतर.

उंचीचा आकडा तर विचारूच नका. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, ब्रह्मगिरी १३०० च्या आसपास, हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे. नाशिक स्वतःच सुमारे ६०० मीटरवर बसलंय. आपल्याला हवा असतो तो पायथ्यापासूनचा चढ, आणि तो आकडा क्वचितच कुणी सांगतं. 'महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर' म्हणून कळसूबाईपासूनच सुरुवात करणारेही खूप. बारी गावातून तो चढ दमवणारा आहे, आणि शिड्यांपाशी रविवारी हरिहरसारखीच कोंडी होते. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जा.

मग कुठे? फक्त अर्धा दिवस असेल, बरोबर दहा-बारा वर्षांची मुलं असतील, तर रामशेज. पेठ रोडने पंधरा किलोमीटरच्या आत आशेवाडी, आणि तिथून रमतगमत तासाभरात माथा. वाट मळलेली आहे, पुढे पायऱ्या आहेत, वाटेत गुहेतलं राममंदिर आहे. दमलेल्या मंडळींनी तिथेच बसून राहिलं तरी त्यांचा दिवस वाया जात नाही. वर टाकी आहेत, चोरदरवाजा आहे. १६८२ मध्ये वेढा घालून बसलेल्या मोगलांना हा गड कित्येक वर्षं मिळाला नाही, ही गोष्ट मुलांना चढताना सांगा, वर पोचल्यावर नको. वर गेल्यावर ती ऐकत नाहीत. फक्त गड बोडका आहे. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात आणि होळीनंतर तिथे सकाळी नऊच्या आत माथ्यावर असायला हवं.

पूर्ण दिवस असेल तर अंजनेरी. नवख्यांना मी सगळ्यात जास्त वेळा हेच नाव सांगते, कारण या डोंगराला थांबायच्या जागा आहेत. त्र्यंबक रोडवर वीसेक किलोमीटरवर अंजनेरी फाटा. गावातून गाडीरस्ता बराच वरपर्यंत जातो, म्हणजे चढाचा पहिला हप्ता गाडीनेच भरलेला असतो. तिथून घळीतल्या पायऱ्या. या टप्प्यात दम लागतो आणि गप्पा बंद होतात. घळीतच कोरलेली जैन लेणी आहेत; थांबायला निमित्त मिळतं. घळ संपली की एकदम ऐसपैस पठार. ज्याला एवढंच पुरे वाटतं त्याने इथे बसावं, वारा खावा. पुढे पठारावरून सपाट चालत अंजनीमातेचं मंदिर आणि जवळच तळं. इथून परत फिरलात तरी ट्रेक झाला, माझ्याकडून शंभर टक्के. उमेद उरलेल्यांनी दुसरा चढ चढून वरच्या मंदिरापर्यंत जावं. हनुमानाचा जन्म तिथे झाला अशी श्रद्धा आहे, त्यामुळे चपला घातलेल्या आजीबाईही सहज पुढे निघून जातात. मनाला लावून घेऊ नका.

या पठारावर एक विनंती. अंजनेरीच्याच नावाचं एक कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. फार मोजक्या जागी उगवतं, आणि पावसाळ्यात गवतात मिसळून गेलेलं असतं. फोटोसाठी वाट सोडून गवतात शिरलात तर ते पायाखाली जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. हातात पिशवी धरून चालू नका, माकडं ती आपलीच समजतात. श्रावणात दाट धुकं उतरतं आणि पठारावर ढोरवाटांचं जाळं आहे. मागचा माणूस दिसेना झाला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आगेमागे त्र्यंबक रोडचं नावच काढू नका. ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणाऱ्या गर्दीत तुमची गाडी पायथ्यालाच पोचायची नाही. २०२७ चा सिंहस्थ आलाय, तेव्हा तर पर्वणीच्या तारखा बघूनच बेत करा.

वेळेचा हिशेब कसा करायचा, हेही विचारता. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये साधा ठोकताळा सांगितला होता: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. हा ठोकताळा सवयीच्या पायांसाठी, न थांबता चालणाऱ्यांसाठी. आपल्या मंडळींसाठी सरळ दुप्पट धरा. आणि निघण्याआधीच परतीची वेळ ठरवून टाका. समजा साडेअकरा. साडेअकराला जिथे असाल तिथून मागे. माथा समोर दिसत असला तरी, 'फक्त दहा मिनिटं' असं कुणी म्हणत असलं तरी. पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या दुपारी ढग भरून येतात आणि वीज कडाडते तेव्हा उघड्या पठारावर आपणच सगळ्यात उंच असतो, म्हणून ही वेळ.

नवख्यांना उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्तही. गुडघे बोलायला लागतात, घसाऱ्यावर पाय सरकतो, शेवाळलेल्या कातळावर तर चांगले बूटही उपयोगाचे नाहीत. पायाची नखं आदल्या रात्री कापा. हसू नका, उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आपटत राहतो आणि दोन दिवसांनी नख काळं पडतं. उतरायच्या आधी नाड्या पुन्हा घट्ट बांधा. बूट महागडे नकोत, तळाला खाचा असलेले आणि आधी आठवडाभर वापरलेले हवेत. कोरे करकरीत बूट थेट डोंगरावर घालू नका.

पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. दशम्या, गूळ-शेंगदाणे, काकडी, मीठ-साखर-लिंबू. शिटी आणि टॉर्च. बाकी काय न्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मात्र स्पीकर घरी ठेवा. अत्तर आणि परफ्यूमही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठली तर कुठल्याही पुस्तकी उपायाची वेळ मिळत नाही, तोंड झाकून जमेल तितकं लांब जायचं एवढंच. घरी एकाला सांगून ठेवा: कुठे, कोण कोण, किती वाजेपर्यंत उतरणार. घळीत रेंज गेली तर शोध कुठून सुरू करायचा हे त्या माणसाला माहीत असतं.

ग्रुपमधला सगळ्यात सावकाश चालणारा माणूस पुढे ठेवा. जोरात चालणारे वीर पुढे गेले की ते वर थांबून विश्रांती घेतात, आणि मागचा धापा टाकत पोचला की "चला" म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची गरज असते त्यालाच ती मिळत नाही. हे सांगितलं की वीरांना राग येतो. येऊ दे.

आपल्याला झेपेल का, ही शंका असेल तर आधी आठवड्यातल्या एखाद्या सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढून पाहा. वर गेलातच आहात तर तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेखही बघा. खाली उतरून लगेच दुसऱ्यांदा चढा. दुसऱ्या खेपेला बोलता येत असेल तर अंजनेरी जमेल. बोलता येत नसेल तर रामशेज, आणि तिथे मंदिरापर्यंतच.

राहता राहिली मिसळ. नाशिककर डोंगरावर निघाला की वाटेत मिसळ ठरलेलीच. पण तर्री आणि पाव पोटात घेऊन चढायला लागलं की अर्ध्या तासात घशाशी येतं. सकाळी सहाला पोहे नाहीतर दोन केळी, आणि मिसळ उतरल्यावर. म्हणूनच दुपारी दीडपर्यंत खाली आलेलं बरं. त्यानंतर चांगल्या ठिकाणी रस्सा संपायला लागतो. आणि जायचं ते शनिवारी. गर्दी कमी असते, आणि पाय सरळ करायला रविवार मोकळा राहतो.