इंग्लिशमधलं हॅविंग म्हणजे आपलं 'खाऊन'मधलं 'ऊन'च, पण नेहमी नाही

भाची दहावीला आहे, काल संध्याकाळी इंग्लिशची वही घेऊन आली. तिने लिहिलेलं, 'हॅविंग फिनिश्ड माय होमवर्क, माय मदर गेव्ह मी पोहे', आणि खाली नुसती लाल रेघ, का चुकलं ते काहीच नाही. याचा मला खरंच राग येतो, चूक दाखवली तर कारण पण सांगा ना पोरांना.

म्हटलं आधी मराठीत म्हण बघू. 'होमवर्क संपवून आईने मला पोहे दिले.' म्हटल्या म्हटल्या तिचं तिलाच खटकलं, अगं मावशी, हे तर आईनेच होमवर्क संपवला असं झालं! तेच तर. हॅविंग आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, हॅविंग ईटन, हॅविंग सीन, हे बरंचसं आपल्या खाऊन, बघून सारखं चालतं, म्हणजे आधीचं काम ज्याने केलं तोच पुढच्या वाक्याचा कर्ता. कर्ते दोन असले की आपण 'ऊन' सोडून 'ल्यावर' धरतो, माझा होमवर्क संपल्यावर आईने पोहे दिले, मग इंग्लिशमध्येही सरळ आफ्टर आय फिनिश्ड लिहायचं.

पण एवढ्यावर थांबलं तर पोरं दुसरीकडे अडकतात. 'मला पुण्यात येऊन दोन वर्षं झाली', आता यातल्या 'येऊन'चं हॅविंग कम केलं तर पुण्यात वर्षंच आली असा अर्थ निघतो, तिथे आय हॅव बीन इन पुणे फॉर टू इयर्स म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आणि 'एवढा अभ्यास करून ती नापास झाली' हे तर अजून अवघड, कारण इथे 'करून' म्हणजे 'करूनसुद्धा' हे आपल्याला न सांगता कळतं पण नुसत्या हॅविंग स्टडीडमध्ये ते येत नाही, उलट अभ्यास केला म्हणूनच नापास झाली असं वाटायला लागतं. तिथे डिस्पाइट हॅविंग स्टडीड हवं. नकार असेल तर नॉट अगदी पहिला, नॉट हॅविंग सीन.

तिला म्हटलं आता तुझं तू एक कर. पेन तोंडात धरून बराच वेळ पुटपुटत होती, बसची तासभर वाट बघून आम्ही चालत घरी आलो, वाट कोणी बघितली आम्ही, आलं कोण आम्हीच. मग लिहिलं, 'हॅविंग वेटेड अॅन अवर फॉर द बस, वी वॉक्ड होम.'