त्याच टायरवर ट्रॅक, त्याच टायरवर परतीचा रस्ता

ट्रॅक डे म्हणजे शर्यतीच्या सर्किटवर आपली गाडी पळवण्याचा दिवस. त्यासाठी टायर निवडताना सगळी चर्चा बहुधा कोणत्या टायरवर लॅप (सर्किटची एक फेरी) सर्वात कमी वेळात पूर्ण होते, या एकाच मुद्द्याभोवती फिरत राहते. ज्यांची ट्रॅकची गाडी ट्रेलरवर जाते, त्यांच्यासाठी ते ठीक आहे. परंतु जे आपली नेहमीची गाडी स्वतः चालवत सर्किटपर्यंत नेतात, दिवसभर तिथे ती पूर्ण ताकदीने चालवतात आणि संध्याकाळी त्याच चार टायरवर घरी परततात, त्यांनी सर्वात आधी परतीच्या रस्त्याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. नुकत्याच झालेल्या प्रवासात जाताना गार पहाट आणि कोरडा महामार्ग, सर्किटवर तापलेले डांबर आणि परतताना जोरदार पाऊस अशा तिन्ही परिस्थिती एकाच फेरीत अनुभवायला मिळाल्या. त्यामुळे हे मत अधिकच पक्के झाले.

आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो होतो. माझी पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक होती आणि तिला रस्त्यासाठीच बनवलेले, परंतु उच्च दर्जाची पकड देणारे उन्हाळी टायर होते. मिशेलिन पायलट स्पोर्ट 4एस किंवा कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट 7 ज्या वर्गात मोडतात, तो हा वर्ग. मित्राची मागच्या चाकांवर चालणारी कूपे सेमी-स्लिक, म्हणजे मोजक्याच खाचा असलेल्या, टायरवर होती. टोयो आर888आर, नानकांग एआर-1 किंवा पिरेली पी झीरो ट्रोफिओ आर हे त्या वर्गातले परिचित टायर. रस्त्यावर चालवण्याची त्यांना परवानगी असते, मात्र त्यांचा जन्म ट्रॅकसाठीच झालेला असतो. या दोहोंच्या मध्ये योकोहामा अॅडव्हान ए052 किंवा ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-71आरएस यांसारख्या टायरचा आणखी एक वर्ग आहे, ज्याला ट्रॅकवर जाणारे लोक सर्रास ‘टू हंड्रेड ट्रेडवेअर’ म्हणतात; ट्रेडवेअर म्हणजे टायरच्या झिजेचा आकडा. अमेरिकेतील अनेक हौशी स्पर्धांच्या नियमांत किमान 200 ट्रेडवेअरची अट असल्यामुळे कंपन्यांनी नेमक्या त्या आकड्यावर बसतील असे टायर तयार केले आणि हा वर्ग बहरला.

टायरच्या बाजूवर कोरलेला हा ट्रेडवेअरचा आकडा समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावरून बरेच गैरसमज होतात. ठरलेल्या रस्त्यावर सुमारे 11,600 किलोमीटर टायर चालवून, प्रमाणित टायरच्या तुलनेत तो किती झिजला, यावरून हा आकडा येतो. प्रमाणित टायरचा आकडा 100 धरलेला असतो. मात्र चाचणीनंतर छापायचा आकडा स्वतः कंपनीच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करण्यासाठी तो उपयोगी पडतो, परंतु दोन वेगळ्या कंपन्यांचे 200 हे समान असतील असे मानू नये. त्याच्या शेजारी असलेले एए, ए, बी किंवा सी हे अक्षर ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर मिळणारी पकड दाखवते. वळणातली पकड त्यात मोजलेलीच नसते, आणि साचलेल्या पाण्यावर टायर कसा वागेल हेही त्यावरून कळत नाही. टायरला झेपणारा कमाल वेग सांगणारे अक्षर मात्र गांभीर्याने पाहावे: व्ही म्हणजे ताशी 240, डब्ल्यू म्हणजे 270 आणि वाय म्हणजे 300 किलोमीटर. भारांक 91 असेल तर एका टायरची क्षमता 615 किलो, 94 असेल तर 670 किलो. गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर केवळ तो चिकट आहे म्हणून बसवू नये. उत्पादनाची तारीख चार अंकांत असते. पहिले दोन अंक वर्षातला आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. सेमी-स्लिक स्वस्तात मिळत असेल तर आधी हे चार अंक वाचावेत, कारण जुने रबर नक्षी शाबूत दिसत असली तरी कडक झालेले असते.

पहाटे निघालो तेव्हा हवा गार होती आणि पहिल्या तासाभरात दोन्ही टायरमधला फरक स्पष्ट झाला. उन्हाळी रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागते, आणि ते जितके ट्रॅककडे झुकलेले असेल तितकी ही अडचण अधिक असते. मित्राची गाडी महामार्गाला लागतानाच्या वळणावर, अगदी साध्या वेगातही, मागून किंचित सरकली. माझ्या टायरने तसे काही जाणवू दिले नाही. पुढे महामार्गावर अवजड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत त्याचे स्टिअरिंग सतत इकडेतिकडे ओढले जात होते आणि टायरची घरघर इतकी होती की थांब्यावर उतरल्यावर त्याने प्रथम कान चोळले. दिवसभर ट्रॅकवर एकाग्रतेने गाडी चालवायची असेल, तर तिथे थकून पोहोचणे ही टायरच्या निवडीत धरायची किंमत आहे, आणि लांबचा प्रवास करणाऱ्याने ती जरूर धरावी.

सर्किटवर पोहोचल्यावर तपासणीच्या रांगेत उभे राहण्याआधी तीन कामे उरकून घ्यावीत. चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार आवळावेत आणि पहिल्या सत्रानंतर चाके थंड झाल्यावर ते पुन्हा तपासावेत. टायरच्या बाहेरच्या कडेवर, नक्षी संपून साइडवॉल (टायरची उभी बाजू) सुरू होते तिथे, खडूने आडव्या रेघा ओढाव्यात. आणि हवेचा दाब थंड टायरवर मोजून वहीत लिहावा. माझ्या गाडीच्या दाराजवळील पट्टीवर चारही चाकांसाठी 35 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) लिहिले आहे. हा आकडा रस्त्यासाठी आहे. ट्रॅकवर तेवढ्या दाबाने सुरुवात केली तर तापल्यावर टायर मधोमध फुगतो आणि पकड कमी होते. 20 अंशांवर 28 पीएसआय भरलेला टायर आतली हवा 60 अंशांपर्यंत तापली की 34 च्या आसपास जातो. म्हणून मी थंड असताना 28 ठेवले. पहिल्या सत्रातून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत) येताच, म्हणजे टायर गरम असतानाच, पुन्हा मोजले तेव्हा डाव्या पुढच्या चाकात 35 आणि उजव्या पुढच्या चाकात 33 होते. सर्किटवर उजवी वळणे अधिक असली की डावे पुढचे चाक जास्त राबते, त्यामुळे दाब प्रत्येक चाकाचा स्वतंत्रपणे जुळवावा लागतो.

दाबापेक्षाही जास्त माहिती खडूच्या रेघा आणि तापमान देतात. रेघ टायरच्या कडेपर्यंतच पुसली गेली असेल तर दाब योग्य. ती साइडवॉलवर खाली उतरली असेल तर टायर वळणात दुमडत आहे. कडेपर्यंतही पोहोचली नसेल तर हवा जास्त आहे. सुई रबरात टोचून मोजणारा तापमापक मिळाला तर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन ठिकाणची नोंद घ्यावी, आणि ती पिटमध्ये शिरल्याबरोबर घ्यावी, कारण पृष्ठभाग फार लवकर थंड होतो. माझ्या डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बरीच गरम होती. खरे तर उलट असायला हवे. आतली कड काही अंशांनी गरम असणे हे निरोगी लक्षण मानले जाते. याचे कारण टायरमध्ये नसून चाकाच्या कलण्यात होते. रस्त्यासाठी बनवलेल्या गाडीत निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला असणे, फारच थोडा असतो, वळणात गाडी झुकली की सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो आणि महागातला टायरही तिथेच झिजून जातो. नवा टायर घेण्याआधी सस्पेन्शनमध्ये जेवढी मुभा असेल तेवढा कॅम्बर वाढवून घेणे हा पैशांचा अधिक चांगला उपयोग आहे, हे मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगेन.

दुसऱ्या सत्रात दोन्ही टायरचा खरा स्वभाव दिसला. माझ्या टायरने पहिल्या काही लॅपमध्ये उत्तम साथ दिली. नंतर लांब उजव्या वळणात स्टिअरिंग हलके वाटू लागले, किंचाळण्याचा आवाज जाड झाला आणि गाडीचे नाक वळणाच्या बाहेर जाऊ लागले. रबर जास्त तापून बुळबुळीत झाल्याची ही खूण आहे. अशा वेळी स्टिअरिंग आणखी वळवून काही साधत नाही, उलट पुढच्या कडा आणखी भाजून निघतात. एक लॅप सावकाश काढली की पकड बऱ्याच अंशी परत येते. नवशिक्यासाठी मला हा टायर याच कारणाने मोलाचा वाटतो, कारण तो मर्यादा ओलांडण्याआधी आवाजाने आणि स्टिअरिंगमधून पुरेशी सूचना देतो. सेमी-स्लिक त्याच उष्णतेत अधिक खुलतो, वेगही जास्त ठेवतो. परंतु त्याची पकड सुटते ती कमी सूचना देऊन आणि अधिक वेगात.

शिवाय पकड वाढली की तिचा ताण गाडीच्या इतर भागांवर जातो, हे टायर विकत घेताना कोणी सांगत नाही. मित्राच्या गाडीचा ब्रेक पेडल दुपारपर्यंत मऊ लागू लागला, कारण अधिक पकडीमुळे तो अधिक वेगात आणि अधिक उशिरा ब्रेक लावत होता आणि ब्रेक ऑइल उकळण्याच्या जवळ पोहोचले होते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पण ओलावा शोषून घेतल्यावर त्याच प्रतीसाठी मानलेली किमान मर्यादा 155 अंशांवर येते. म्हणून चिकट टायरवर जाण्याआधी ताजे ब्रेक ऑइल आणि उष्णता सोसणारे ब्रेक पॅड घ्यावेत. लांब वळणांत इंजिन ऑइल एका बाजूला सरकून पंपाला ते कमी पडण्याचा धोकाही पकडीबरोबर वाढतो, तेव्हा ऑइलची पातळी प्रत्येक सत्रानंतर पाहावी.

सत्राची शेवटची लॅप ब्रेक शक्य तितके कमी वापरून, शांतपणे काढावी आणि पिटमध्ये हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करावी. टायरवर चिकटलेले इतरांच्या रबराचे गोळे पाहून घाबरण्याचे कारण नाही; ते काही किलोमीटरमध्ये निघून जातात. कडेचे तुकडे उडाले असतील, नक्षीच्या ठोकळ्यांखाली फोड आले असतील किंवा आतले धागे दिसत असतील तर मात्र त्या टायरवर पुढचे सत्र घेऊ नये, आणि घरचा रस्ता तर मुळीच धरू नये.

चारच्या सुमारास आकाश भरून आले. इथे हा सगळा वृत्तांत लिहिण्यामागचा मुख्य मुद्दा येतो. दिवसभर दाब जुळवताना आपण टायरमधून हवा काढत गेलेलो असतो. गरम असताना 33 वर आणलेला टायर थंड झाला की 27 च्या घरात जातो, आणि तेवढ्या हवेवर सामान भरलेली गाडी महामार्गावर नेणे धोक्याचे आहे. टायर पाण्यावर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी निगडित असतो. नासाच्या संशोधनातून आलेल्या ढोबळ सूत्राने हिशेब केला तर 35 पीएसआयला तो ताशी 98 किलोमीटरच्या आसपास येतो आणि 27 ला सुमारे 87. नक्षी किती खोल आहे आणि पाणी किती साचले आहे यावर प्रत्यक्ष वेग बदलतो, पण दिशा तीच राहते. आम्ही निघण्याआधी टायर हाताला थंड लागेपर्यंत थांबलो आणि सोबत नेलेल्या लहान पंपाने दाब पुन्हा दाराजवळील पट्टीवरच्या आकड्यावर आणला. हा पंप आणि विश्वासू दाबमापक टॉर्क रेंचइतकेच आवश्यक आहेत.

पावसात माझी गाडी सरळ, शांतपणे चालत राहिली. मित्राच्या टायरची नक्षी कायदेशीर मर्यादेपेक्षा, म्हणजे 1.6 मिलिमीटरपेक्षा, जास्त होती. तरीही त्याच्या मोजक्या खाचा साचलेले पाणी बाहेर फेकायला अपुऱ्या पडत होत्या आणि ताशी 70 लाच स्टिअरिंग क्षणभर पोकळ होत होते. त्याने दिवे लावून पहिल्याच सुरक्षित थांब्यावर गाडी घेतली आणि पाऊस ओसरेपर्यंत आम्ही दोघे तिथेच थांबलो. तो निर्णय अत्यंत योग्य होता. सेमी-स्लिकवर प्रवास करणाऱ्याने असा थांबा वेळापत्रकात आधीच धरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचे काम ठेवू नये.

यापुढे जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा की ट्रॅकवर नव्याने जाणाऱ्याने उच्च पकडीचे रस्त्याचे उन्हाळी टायर घ्यावेत आणि उरलेले पैसे ब्रेक, कॅम्बर व प्रशिक्षकाच्या सत्रांवर खर्च करावेत. हा टायर प्रत्येक सत्रात लवकर तापू लागला, कॅम्बर सुधारूनही कडा भाजू लागल्या, तरच 200 ट्रेडवेअरच्या वर्गाकडे वळावे. कोरड्या हवामानात लांबचा प्रवास आणि ट्रॅक यांचा मेळ त्या वर्गात बऱ्यापैकी बसतो. सेमी-स्लिक घ्यायचेच असतील तर ते वेगळ्या रिमवर बसवून सोबत नेण्याची सोय असलेल्यांनी घ्यावेत. असममित नक्षीचे टायर डावीकडून उजवीकडे बदलता येतात, एका दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर मात्र रिमवरून काढून पुन्हा बसवल्याशिवाय बाजू बदलता येत नाहीत. एकाच बाजूची वळणे अधिक असलेल्या सर्किटवर नेहमी जाणार असाल तर हा फरक खरेदीच्या वेळीच विचारात घ्या. घरी आल्यावर मी पुढचे दोन्ही टायर मागे घेतले, कॅम्बर वाढवून अलाइनमेंट करून घेतली, आणि पुढची जोडी झिजली की त्याच वर्गातली घेणार आहे.