चौथ्या पडद्याच्या अलीकडे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र आलं आणि लिहायचं ते संगीताच्या सरांवरच, हे ठरून गेलं. पेटी-तबल्याच्या शेजारी त्यांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार मांडली, हे उपकार मोठे.

हवाई बेटांवरची ही गिटार आपल्याकडे आधी सिनेगीतांत रमली. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी अली अकबर खाँसाहेबांची तालीम घेऊन तिला रागाच्या वाटेवर नेलं. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर आणि बासरीच्या बरोबरीनं बोलते. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा, जोडून तिची मोहनवीणा केली. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या त्यांच्या वादनाला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. सर हे सारं अभिमानानं सांगत.

पण सरांचा खरा हात वाद्य लावण्यात. साध्या गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा पेलणाऱ्या नटवर उंच पट्टी बसवून पोलादी तारा ८ ते १० मिलिमीटर वर घ्यायच्या, नाहीतर तारांवरून सरकवायचा धातूचा बार पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर, आपटून खडखडतो. सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत सा प सा ग प सा, म्हणजे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. नेहमीच्या मिळवणीतून एकही तार चढवावी लागत नाही, त्यामुळे तुटायची भीती नाही. मालकंस रागाला गंधार कोमल, दोन्ही पंचम उतरवून मध्यमावर. बारच्या मागे बोटं तारांना टेकलेली हवीत. मागचा तुकडा वाजला की सूर गढूळ झालाच.

गंधाराचा तो तास विसरणं शक्य नाही. बार चौथ्या पडद्यावर नेमका ठेवूनही गंधार तंबोऱ्याशी चढा लागत होता. सरांनी फूटपट्टी आणली. ६५० मिलिमीटरच्या तारेवर चौथा पडदा नटपासून सुमारे १३४ वर येतो. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तारेच्या पाचव्या हिश्शावर, १३० वर. पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले, तंबोऱ्याला ते मान्य नाही. सरांनी पडद्याच्या अलीकडे पेन्सिलीची रेघ ओढली, बार तिथं आला आणि गंधार तंबोऱ्यात विरघळला. पंचमाला हाच फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणूनच गंधाराची तिसरी तार मिळवताना ट्यूनर बाजूला आणि कान तंबोऱ्याकडे, हा सरांचा दंडक. गिटारदुरुस्तीच्या माझ्या कामात तो आजही चालतो.

संगीताच्या खोलीत आता संगणक आहेत, याचं वाईट वाटतं. वर्ग पुन्हा सुरू होणार असेल तर नटाच्या पट्ट्या, बार आणि नख्या मी देईन. तंबोरा तेवढा शाळेनं काढून ठेवावा.