काम चालू असतानाच बोलू द्या : बेळगाव सीमाभागातल्या चित्रीकरणाचा वृत्तांत

खाण्यात आणि गाण्यात जीव ओतणाऱ्या माणसांवर माहितीपट करायचा म्हणून आमचं छोटं पथक बेळगाव जिल्ह्यात फिरून आलं. दिग्दर्शक, कॅमेरामन, ध्वनिमुद्रणाला मी आणि बेळगावातल्या शहापूरचा एक मित्र. श्रेयनामावलीत या मित्राला काय म्हणावं हे अजून ठरलेलं नाही, पण त्याच्याशिवाय एकही दार उघडलं नसतं. घरात शिरल्यावर तो आजोबांशी कन्नडमध्ये बोलायचा, सुनेशी मराठीत आणि पोरांशी दोन्हींत. तुम्ही या भागात कॅमेरा घेऊन जाणार असाल तर असा माणूस आधी शोधा. लेन्स कुठल्या न्यायच्या ते नंतर ठरवलं तरी चालतं.

आम्ही मिरजेहून रेल्वेने गेलो. पुण्याहून गाडीने यायचं तर कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर असा सरळ महामार्ग आहे आणि सामान जास्त असेल तर तोच बरा. पण विषय गाण्याचा असेल तर मिरजेला उतरल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी तिथे पिढ्यान् पिढ्या काम करताहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी लावणाऱ्या, म्हणजे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून तारेचा झंकार जुळवणाऱ्या कारागिराच्या शेजारी तासभर बसा. घोडीवर कानस एकदाच हलकेच फिरते, तार छेडली जाते, परत कानस. तो काही बोलत नाही, त्याचे कान काम करत असतात. पुढच्या सगळ्या प्रवासात कान कसे ठेवायचे ते इथेच कळतं. मिरजेहून बेळगावकडे जाणारी गाडी कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, सुळेभावी अशी जाते. निम्मी ठिकाणं या एकाच मार्गावर किंवा त्याच्या आसपास आहेत.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही दिला तो मांड्यांना, आणि त्याचं चीज झालं. मांडे करणाऱ्या मावशींचं घर शहापूरच्या एका अरुंद गल्लीत आहे. लग्नसराईत त्यांच्याकडे पहाटेपासून चूल पेटते. सपिटाची कणीक आदल्या रात्रीच भिजवून ठेवलेली असते. ती इतकी सैल आणि लवचीक असते की लाटण्यानं थोडं काम झालं की पुढचं हातांवरच होतं. लाटलेल्या पारीत पिठीसाखर, खसखस आणि वेलदोड्याची पूड. मग ती पारी दोन्ही मनगटांवर घेऊन मावशी ती अशी फिरवत नेतात की बघता बघता ती कोपरापर्यंत ओघळते आणि पलीकडची चूल तिच्यातून दिसायला लागते. तशीच ती उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर पसरायची. काही क्षणांत भाजून होते, आणि गरम आहे तोवरच चौकोनी घडी घालायची. जरा उशीर झाला की मांडा कडक होतो आणि घडीवर मोडतो.

दिग्दर्शकाला आधी मुलाखत हवी होती, मागे शांत भिंत वगैरे. मावशी म्हणाल्या, "खापर तापलंय न्हवं. तुम्ही इचारा की, मी करत करत सांगते." आणि तसंच झालं. सासूनं त्यांना पहिल्यांदा खापरापाशी कधी बसवलं, हाताला चटके बसायचे तेव्हा काय लावायच्या, कुठल्या गल्लीतलं लग्न मोठं असतं, हे सगळं त्या हात चालू असताना बोलल्या. नंतर खुर्चीवर बसवून तेच विचारलं तर उत्तरं दोन वाक्यांत संपली. त्यानंतर आम्ही कुठेच कुणाला काम थांबवायला लावलं नाही. माझं ठाम मत झालंय की कामात रमलेल्या माणसाची मुलाखत त्याच्या कामाच्या तालावरच घ्यावी. त्या तालात जे थांबे पडतात तेच प्रश्न विचारायचे थांबे.

यातून तांत्रिक अडचणी येतात, त्या आधीच लक्षात घ्या. मांडा खापरावर पडला की "परत एकदा" म्हणता येत नाही. दोन कॅमेरे असतील तर एक हातांवर आणि एक चेहऱ्यावर ठेवा. एकच असेल तर जास्तीच्या मांड्यांची ऑर्डर स्वतः द्या, पैसे आधी द्या, आणि मग निवांत वेगवेगळ्या बाजूंनी टिपा. स्वयंपाकघरात एलईडी ट्यूब असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० ठेवलं तर बहुतेक वेळा लुकलुक टळते. पहाटेच्या थंडीतून कॅमेरा एकदम चुलीशी नेला की काचेवर वाफ धरते, तेव्हा आधी पंधरावीस मिनिटं कॅमेरा त्या खोलीत नुसता ठेवून द्या. आवाजासाठी बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, चुलीपासून लांब, पण मनगटांच्या जवळ हवा. कणीक हातावर आपटण्याचा तो मऊ चापट आवाज आणि खापरावरची बारीक चरचर, याच दोन आवाजांवर आमचा सगळा प्रसंग उभा आहे. फ्रिज बंद करायला सांगा आणि निघताना आठवणीने चालू करून द्या.

कुंदा या दुधाच्या मिठाईबद्दल थोडक्यात सांगते, कारण बेळगावात तो कुठेही चांगलाच मिळतो आणि त्याच्या जन्माची चुलीवर विसरलेल्या दुधाची गोष्ट प्रत्येक दुकानात वेगळ्या नावानं ऐकायला मिळते. टिपण्यासारखी वेळ एकच, शेवटची. दूध आटून रवाळ झालेलं असतं, साखर तांबूस व्हायला लागते आणि कढईतल्या उलथन्याचा आवाज बदलतो. हलवाईकाका त्या वेळी कढईत बघतसुद्धा नव्हते, गिऱ्हाइकाशी बोलत होते, आणि आवाज जड झाल्याबरोबर हात लावून त्यांनी आच कमी केली. बाजारातल्या दुकानात चित्रीकरण करायचं तर दुपारी दोन ते चार. आणि दुकानात रेडिओ किंवा टीव्ही चालू असेल तर विनंती करून बंद करून घ्या. मागे सिनेमाचं गाणं वाजत राहिलं तर तो अख्खा प्रसंग पुढे हक्कांच्या भानगडीत अडकतो.

गोकाकला करदंट या डिंकाच्या मिठाईसाठी गेलो. तुपात डिंक फुलवणं, गुळाचा पाक, खोबरं, खारीक, बदाम, सगळं एकजीव करून थापणं. पाकाची गोळी पाण्यात टाकून बघणारे अण्णा फक्त कन्नड बोलत होते आणि आमचा मित्र त्या दिवशी सोबत नव्हता. तरी गोळी बोटांत दाबून ती पुढे करण्याचा त्यांचा अभिमान भाषेवाचून पोचला. पावसाळ्यात गेलात तर घटप्रभेचा धबधबा बघाच. पाणी सुमारे ५२ मीटर खाली कोसळतं आणि झुलत्या पुलावर उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा तिथे संवाद ध्वनिमुद्रित करायचा विचार सोडून द्या. या पाण्याच्या जोरावर १८८७ सालापासून चालत आलेली सूतगिरणीही काठावरच आहे.

आता गाणं. सुळेभावी हे रुळाकाठचं साधं विणकरांचं गाव. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व, ८ एप्रिल १९२४ रोजी इथे जन्मले. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि तिथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये लहानग्या गंगूबाई हनगल होत्या. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मी मराठी रंगभूमीची गाणी ऐकत वाढले आणि ही सगळी मुळं कन्नड मुलखात आहेत हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण सुळेभावीच्या फलाटावर उतरून, मागावर धोट्याची लय ऐकत गल्लीतून चालल्यावर ते अंगावर आलं.

आम्हाला मात्र मोठी नावं नको होती. यळ्ळूरच्या बाजूच्या एका गावात एकादशीच्या रात्री भजन होतं, तिथे गेलो. भजन सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासातलं एक दृश्य मला सगळ्या माहितीपटाचा गाभा वाटतं. घरातून एका वहिनींनी वाटीत कणकेचा गोळा आणून दिला. मृदंगवाल्या पोरानं तो हातात मळला, मृदंगाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापला, बोटांनी कडेकडेनं पसरला, थाप मारली. बुवा पेटीवर पांढरी चारचा सूर धरून होते, मान हलली नाही. पोरानं नखानं थोडी कणीक खरवडून काढली. परत थाप. परत नाही. चिमूटभर पाणी लावलं, जरा दाबलं, थाप मारली आणि तो घुमारा जमिनीतून माझ्या गुडघ्यापर्यंत आला. बुवांनी मान हलवली. उरलेली कणीक वहिनी परत घेऊन गेल्या. खाण्याचा आणि गाण्याचा माहितीपट कसा जोडायचा याची चर्चा आमच्यात आठवडाभर चालली होती. ती तिथेच मिटली.

बुवा पोराला लय सांगताना कन्नडमध्ये सांगत होते, टाळकऱ्यांना मराठीत. रूपाचे अभंग झाले, तुकोबा झाले, गवळण झाली, आणि मध्येच बुवांनी पुरंदरदासांचं पद धरलं. त्यातही विठ्ठलच, कारण दासांची नाममुद्राच 'पुरंदर विठ्ठल'. टाळ तसेच पडत राहिले, धरणाऱ्यांनी तसंच धरलं. म्हणून कळकळीनं सांगते, कॅमेऱ्यासमोर कुणालाही "फक्त मराठीत बोला" किंवा "फक्त कन्नडमध्ये बोला" असं सांगू नका. अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं, असंच इथलं बोलणं आहे. ते सरळ करायला गेलात तर माणूस परीक्षेला बसल्यासारखा बोलतो. उपशीर्षकं दोन्ही भाषांत द्या, संमतिपत्रही दोन्ही भाषांत न्या, आणि सही घेण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवा.

भजनाच्या ध्वनिमुद्रणात खरी लढाई टाळांशी असते. टाळांचा आवाज सगळ्यावर मात करतो. माझा उपाय असा : जोडीचा स्टिरिओ माइक मृदंगाच्या समोर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, आणि एक लहान रेकॉर्डर बुवांच्या गळ्याकडे, पेटीच्या भात्यापासून दूर. पातळी खाली ठेवा, कारण गजर चढला की आवाज दुप्पट होतो. देवळात कर्णा लावलेला असतो, तो एखाद्या अभंगापुरता बंद ठेवाल का म्हणून आधीच विचारा. आम्हाला कुणी नाही म्हटलं नाही. आणि संपल्यावर सगळे उठायच्या आत त्या रिकाम्या मंडपाचा मिनिटभर आवाज घ्या, संकलनात त्यावाचून अडतं.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं ऐकायला गेलो. काखेत धरलेलं ते कातड्याचं पोकळ वाद्य आणि ताणली की सूर बदलणारी एकच तार, त्यावर "उदो गं आई उदो". इथे मी कॅमेऱ्यापेक्षा माणसाकडे लक्ष ठेवा असं सांगेन. देवदासी म्हणून मुली सोडण्याला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी घातली आणि यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणींच्या आयुष्यात बरंच दुखणं असतं. चेहरा दाखवू का हे स्वतंत्र विचारा, नाही म्हटलं तर हात आणि वाद्य पुरे. पैसे द्यायचेत तर सर्वांसमोर देवाला ठेवल्यासारखे न देता, कलाकाराला मानधन म्हणून द्या. पौर्णिमेच्या यात्रेत गर्दी अफाट, त्यामुळे काम करायचं असेल तर आडदिवशी जा.

परवानग्यांचं आधी बघा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांब्र्याला विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. कॅम्प भागात कॅमेरा बाहेर काढू नका आणि ड्रोन न्यायचाच नाही असं धरून चला. किल्ल्यातली कमल बस्ती सुंदर आहे, १२०४ सालची, पण तिथे व्यावसायिक चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. खानापूरच्या जंगलात वन खात्याची. जून ते सप्टेंबर खानापूर, कणकुंबीकडे पाऊस असा लागतो की सामानाच्या पेट्यांत सिलिका जेलच्या पुड्या भरपूर हव्यात. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास आणि सुवर्णसौधमध्ये (कर्नाटकच्या बेळगावातल्या विधानभवनात) हिवाळी अधिवेशन चालू असताना जाणं टाळा. बंदोबस्त असतो, लॉज भरलेले असतात आणि बाहेरगावची कॅमेऱ्याची गाडी उगाच अडवली जाते. सगळ्यात चांगला काळ जानेवारी-फेब्रुवारी : हवा कोरडी, लग्नसराई चालू, मांड्यांच्या चुली पेटलेल्या.

संकलनाचा पहिला खर्डा झाला की तो ज्यांना टिपलं त्यांना दाखवायचा, असं आमचं ठरलंय. बुवांना मोबाइलवर नव्हे, देवळाच्या भिंतीवर दाखवायचा, कारण टाळकरी सगळे येणार. मावशींना आम्ही चित्रफितीसोबत पैसेही ठरवून दिले, त्या दिवशीच्या ऑर्डरीला उशीर झाला त्याचे. आणि तुम्ही येताना मांडे आणणार असाल तर पिशवीत घालू नका, पसरट पत्र्याचा डबा घेऊन जा. गरम दुधात कुस्करून वर तूप घालून खातात. करदंट प्रवासात बरेच दिवस टिकतो, कुंदा मात्र घरी पोचल्याबरोबर संपवा.