तिथं जाऊन तुम्ही दोघं करता तरी काय?

आमच्या भिशीत गणपती विसर्जन झालं की हा प्रश्न ठरलेला. "तुम्ही दोघं तीन दिवस म्हैसमाळला जाऊन करता तरी काय?" विचारणारीच्या डोळ्यांत खोडी असते, बाकीच्या पदर तोंडाला लावतात. मी "काही नाही गं, आराम" म्हणून चहा आणायला उठते. पण परवा जावेच्या लेकीनं विचारलं. तिचं दिवाळीनंतर लग्न आहे आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून लिहिते.

आधी आम्ही कधी जातो ते सांगते, कारण तिथंच लोकांचं बिनसतं. आम्ही पितरपाटात जातो. आमचं जालन्यात बी-बियाणांचं दुकान. मे-जूनमध्ये कापूस, सोयाबीन, तूर यांनी श्वास घ्यायला सवड नसते, मग ऑगस्टपर्यंत फवारणीची औषधं. रब्बीच्या हरभऱ्याची गाडी यायच्या आधी जी एक फट मिळते, ती नेमकी पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत ना लग्न, ना खरेदी, ना कोणी पाहुणा. श्रावणातली वेरूळची गर्दी ओसरलेली असते, भद्रा मारुतीला जाणारे शनिवारी जातात आणि पावसाळ्यातले हौशी रविवारी. बुधवार ते शुक्रवार म्हैसमाळचं पठार शेळ्यांचं आणि आमचं.

2013 साली पहिल्यांदा निघालो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पितरपाटात फिरायला कामून जायचं? काही रीतभात?" सासऱ्यांची तिथी पंचमीची. पंचमीला पान वाढलं, कावळ्याला घास ठेवला, आल्यागेल्याला जेवू घातलं आणि षष्ठीला सकाळी निघालो. ह्यांनी आईला सांगितलं, "दादा असते तर त्यांनीच पाठवलं असतं." दादांनी अजिबात पाठवलं नसतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

रस्ता काही फार नाही. संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद आणि तिथून बारा-एक किलोमीटरचा चढ. खुलताबादेत मलिक अंबराची कबर आहे. जुन्या खडकीत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, नहरींनी पाणी खेळवणारा तो. गाव आलं की हे गाडी हळू करतात आणि दर वर्षी तेच म्हणतात, "ह्याला आपल्या गल्लीत पाठवायला पाहिजे होता." मी दर वर्षी हसते.

म्हैसमाळला 'मराठवाड्याचं महाबळेश्वर' म्हणतात. मला ते आवडत नाही. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे सातशेच्या आसपास पडला तरी पेढे वाटावेत. बरोबरी कशाला करायची? बघायला म्हणाल तर गिरिजामातेचं देऊळ, बालाजीचं देऊळ आणि दूरदर्शनचा मनोरा. अर्ध्या दिवसात संपतं. रिसॉर्ट म्हणजे कड्याच्या बाजूला, वस्तीपासून लांब, आठ-दहा खोल्या. आम्ही उतरलो तेव्हा पोराने विचारलं, "काका, देवदर्शनाला का?" पन्नाशीच्या जोडप्याला दुसरं काय विचारणार! हे म्हणाले, "नाही, राहायला." तो जरा गोंधळला.

आणि त्या पहिल्या दिवशी काय झालं, ते आजवर भिशीत सांगितलेलं नाही. तासाभरात आमचं बोलणं संपलं. मुलगा नुकताच पुण्याला इंजिनिअरिंगला गेला होता, त्याची फी, मेसचे पैसे, उधारीवाले शेतकरी, जावेचं दुखणं, एवढं झालं आणि पुढे काही सुचेना. वरांड्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मी माझ्या नखाकडे बघतेय, हे मोबाईल उंच धरून रेंज शोधताहेत. घरात सहा माणसं, खाली दुकान, कोणीतरी सतत हाक मारणार. चोवीस वर्षांत आम्ही एकमेकांशी जे बोललो ते सगळं कुठल्या ना कुठल्या कामाचं होतं, हे मला त्या खुर्चीवर कळलं. रडू यायचं बाकी होतं. मग मी डब्यातले धपाटे काढले. दही खालच्या मावशींनी दिलं. तोंडात घास असला की गप्प बसायला कारण मिळतं.

रात्री चारला मला जाग आली. बाहेर टप टप आवाज. मी अंधारात उठले आणि बादली शोधायला लागले. आमच्या भागात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तेही पहाटे, आणि आदल्या वर्षीचा, 2012 चा दुष्काळ तर अंगात मुरला होता. टँकरमागे घागर घेऊन पळालेली बाई मी. हे दचकून उठले, "काय झालं?"

"नळ आलाय वाटतं."

दार उघडलं तर नळबिळ कुठला! धुकं पत्र्यावरून ओघळत होतं. हे हसायला लागले, इतके की खोकला आला. मग मीही. चारपासून उजाडेपर्यंत आम्ही पाण्याच्याच गोष्टी बोलत बसलो. लग्न होऊन आले तेव्हा मला पोहऱ्याने पाणी शेंदता येत नव्हतं, आणि हे आईच्या नजरेआड दोन घागरी भरून ठेवायचे. मला वाटायचं त्या नणंदेनं भरल्या! चोवीस वर्षं मी तिचे उपकार मानत होते.

सकाळी फिरायला निघालो. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. ह्यांनी माझा हात धरला. रस्त्यावर, उघड्यावर, पहिल्यांदा. वरात सोडून. पाचेक मिनिटं चाललो असू, तेवढ्यात धुकं फाटलं आणि समोर शेळ्या घेऊन एक मेंढपाळ उभा. "वाट चुकली का?" ह्यांनी चटका बसल्यासारखा हात सोडला आणि विचारलं, "कापूस कसाय औंदा?"

पुढं पठारभर तेरडा फुललेला. गुलाबी, नुसता गुलाबी. हे खाली बसले, एक टपोरी, केसाळ शेंग हेरली आणि म्हणाले, "हात दे." शेंग तळहातावर ठेवून बोटानं नुसतं टोकलं. फट्‌ करून ती उलटी वळली आणि काळपट बारीक बिया माझ्या मनगटापर्यंत उडाल्या. मी ओरडलेच. हे दुसरी शोधायला लागले, मग मीही. पिकलेली कुठली ते हाताला लगेच कळतं, कच्ची ढिम्म राहते. आयुष्य बियाणं विकण्यात गेलं ह्यांचं, पण त्या दिवशी बी बघताना ह्यांच्या चेहऱ्यावर भाव नव्हता. भाव म्हणजे बाजारातला दर.

एवढंच करतो आम्ही. शेंगा फोडतो, जेवतो, सकाळी दहाला परत झोपतो. मावशी पिठलं-भाकरी आणतात. गीझर दर वर्षी एकदा तरी बिघडतो आणि हे दर वर्षी चिडतात. कैलास लेणं इतकं जवळ असून आम्ही अजून त्या निमित्ताने एकदाही खाली उतरलो नाही, याची मात्र थोडी लाज वाटते.

जाऊबाई टोमणा मारतात, "तेरड्याचा रंग तीन दिवस." बरोबरच आहे, तीनच दिवस असतात. चौथ्या दिवशी दुकानाचं शटर वर जातं आणि आम्ही पुन्हा "हरभऱ्याचं बिल कुठंय" वर येतो. त्या पहिल्या वर्षी ह्यांच्या शर्टाच्या खिशात मूठभर बिया घरी आल्या. मोजून शंभर कढीपत्त्याच्या कुंडीत टाकल्या, वर जूनपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणून ताकीद. पावसाला अकरा उगवल्या. "सोयाबीनला सत्तर टक्के लागते," हे म्हणाले, "ही विकली असती तर लायसन्स गेलं असतं." पण कुंडी हलवू दिली नाही. सासूबाई आता तीच फुलं देवाला वाहतात, आणि कुठून आली ते विचारत नाहीत.

तर पोरी, हे असं आहे. यंदाही पंचमी झाली की निघणार. त्या आठवड्यातली भिशी माझ्याकडे ठेवू नका.