आप्पांची पावसाची वही जेसनमध्ये नेताना: इथवर आलो

गेल्या वेळी सांगितलं होतं तसं, आजोबांच्या (आम्ही सगळे आप्पाच म्हणतो) पावसाच्या वह्या पायथनमधून (ही प्रोग्राम लिहायची भाषा) जेसनमध्ये (माहिती मजकूर म्हणून साठवायची ठरावीक मांडणी) आणायचं काम सुरू आहे. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. म्हणजे पाऊस कमी नाही आणि नोंदीही कमी नाहीत. अंगणात सरळ कडांचा पत्र्याचा डबा, त्यात बुडवायची लाकडी पट्टी आणि भिंतीला टांगलेली वही. पहिली वही १९६४ ची. एका ओळीत तारीख, नक्षत्र, वाहन, किती इंच आणि शेरा: 'मृग, बेडूक, १॥, वाऱ्यासह.'

मला वाटलं होतं की या ओळींचं जेसन करणं हेच मोठं काम. ते एका संध्याकाळी झालं. नंतर तीच फाइल वाचून वहीसारखी ओळ परत छापून बघितली आणि तिथून तीन आठवडे गेले. आता नियम एकच: वहीतली ओळ आत जाऊन बाहेर आली की जशीच्या तशी दिसली पाहिजे. आठशे ओळी टंकून झाल्यात, प्रत्येक बदलानंतर सगळ्या एकदा आत-बाहेर फिरवतो.

पहिला दणका सगळ्यांना बसतो तोच. फाइल उघडली तर मराठी कुठेच नाही, नुसत्या तिरक्या रेघा, यू आणि चार-चार आकडे. पायथनचा जेसन विभाग न सांगता सगळं आस्कीत (म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षर-चिन्हांत) लिहितो, त्यासाठी 'एन्शुअर आस्की' हा पर्याय बंद करावा लागतो. 'खानापूर' या शब्दात सात चिन्हं आहेत (काने आणि ऊकार धरून). तिरक्या रेघांत ती ४२ बाइट घेतात, सरळ यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) २१. ते बंद केलं आणि विंडोजवर लगेच दुसरी चूक आली, कारण फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं सांगितलं नव्हतं. दोन्ही एकदमच करा, एक करून थांबू नका.

आता आकडे. पायथनला 'इंट' (पूर्णांक) करायला '३८' दिलं तर तो मुकाट्याने ३८ समजतो, देवनागरी असो की कानडी. बैलहोंगलचा माझा एक मित्र व्हॉट्सॲपवर कानडी अंकांत नोंदी पाठवतो, त्याही तशाच वाचल्या गेल्या. (तिकडे पाऊस इतका कमी की त्याचा अख्खा जुलै आमच्या एका आठवड्यात बसावा, असं मी त्याला चिडवतो.) जेसनला मात्र संख्या इंग्रजी अंकांतच लागते. देवनागरी अंक अवतरणात घातले तर चालतात, पण मग तो मजकूर झाला, संख्या नव्हे.

खरी मजा '१॥' ची. आप्पा पाव, अर्धा, पाऊण जुन्या रेघांनीच लिहितात: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. मी आधी तीन वेगवेगळ्या अटी लिहिल्या. मग बहिणीने टंकलेल्या पानांवर त्या फसल्या, कारण तिने दुहेरी दंडाऐवजी एकेरी दंड दोनदा मारला होता. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला नाही. रात्री जेवताना डोक्यात आलं, अरे, प्रत्येक रेघ म्हणजे पावच की! दुहेरी दंडाचे दोन एकेरी दंड करायचे, रेघा मोजायच्या, चाराने भागायचं. तीन अटी गेल्या, एक ओळ राहिली. ज्याने कोणी शेकडो वर्षांपूर्वी ही पद्धत बसवली त्याला माझा नमस्कार.

मग मिलिमीटर. एक इंच म्हणजे २५.४, म्हणून दीड इंचाला ३८.१ यायला हवं. पायथनने दिलं ३८.०९९९९९९९९९९९९९४. चूक पायथनची नाही, २५.४ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका बसतच नाही. पायथनचा डेसिमल (नेमके दशांश ठेवणारा प्रकार) वापरून बघितलं तर जेसन म्हणतो, हा प्रकार मला लिहिता येत नाही. शेवटी मिलिमीटरचे शंभरावे भाग पूर्णांकात ठेवले: दीड इंच ३८१०, सव्वा इंच ३१७५. शेजारी आप्पांचं मूळ '१॥' मजकूर म्हणून तसंच. जागा थोडी जास्त जाते, जाऊ दे.

तारखेचंही तसंच, जेसनमध्ये तारीख नावाचा प्रकारच नाही. वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात लिहितो, वाचताना परत तारीख करतो. पण आप्पांचं वर्ष दोन अंकी. पायथन ६९ ते ९९ ला १९६९ ते १९९९ धरतो आणि ०० ते ६८ ला २००० च्या पुढचं. त्यामुळे पहिल्या वहीचा सगळा पाऊस २०६४ साली पडला! आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "बरं हाय की, पुढचाबी लिहून ठेवला म्हण."

वर्षावरूनच आणखी एक. वर्षवार बेरीज डिक्शनरीत (किल्ली दिली की तिची किंमत मिळते अशी यादी) ठेवली होती, किल्ली म्हणून १९८९ ही संख्या. जेसनमधून परत आली तेव्हा ती 'संख्या' उरली नव्हती, मजकूर झाली होती. चूक दाखवत नाही, कुरकुर करत नाही, आणि १९८९ शोधलं की सापडत नाही. इथे दोन रात्री गेल्या.

'वाऱ्यासह' शेऱ्याचे दिवस मोजले तर निम्मेच आले. माझ्या लॅपटॉपवरचा 'ऱ्या' आणि बहिणीच्या फोनवरचा 'ऱ्या' दिसायला एकच, पण तिच्याकडे र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. माझ्याकडे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. युनिकोडच्या (जगातल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) नेहमीच्या सामान्यीकरणाने हे दोन एक होत नाहीत, मीच बदलून घेतलं. आणि सापडलं कसं? सुरुवातीला शिव्या देऊन बंद केलेलं ते 'एन्शुअर आस्की' परत चालू केलं, तर दोन ओळींपैकी एकीत २००डी (त्या अदृश्य जोडचिन्हाचा क्रमांक) लखलखीत दिसलं. बंद ठेवा, पण विसरू नका.

वीज गेली त्याचंही लिहितो. मुसळधार रात्री फाइल लिहीत असतानाच अंधार झाला. सगळ्या नोंदी एकाच यादीत होत्या, शेवटचा कंस लिहायचा राहिला आणि अख्खी फाइल वाचता येईना. आता एका ओळीत एक नोंद, आणि आधी तात्पुरत्या फाइलीत लिहून मग नाव बदलतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र रिकाम्या जागेने खाल्ला. वहीत काही दिवशी '०' आहे, काही दिवशी '-', काही दिवस ओळच नाही. मी सगळ्यांना शून्य टाकलं होतं. आप्पांनी छापील कागद बघितला आणि बोट ठेवलं: "हितं मी हुबळीला गेलतो. पाऊस न्हाई पडला आणि मी न्हाई बघितला, सारखं हुतंय व्हय रं?" तर आता '०' म्हणजे शून्य, '-' म्हणजे नल (जेसनमधलं 'माहीत नाही'), आणि ओळ नसेल तर नोंदच नाही. वर्षाची बेरीज आता नल दिवस वेगळे मोजून सांगते.

नक्षत्रांची नावं मी बदलत नाही. पुनर्वसूला आप्पा 'तरणा' लिहितात, पुष्याला 'म्हातारा'. शोधायला वेगळं खातं केलं आहे, पण छापताना तरणाच येतो.

अडकलोय ते १९७० च्या वहीत. जुलैच्या एका ओळीत इंचाच्या जागी आकडाच नाही, 'फार' असं लिहिलंय. विचारलं, फार म्हणजे किती? "डबा भरून सांडला, मग मोजू काय?" सध्या मापाच्या जागी नल घातलाय आणि कारणाच्या खात्यात 'सांडला'. पण वर्षाची बेरीज करताना तो दिवस हुबळीच्या दिवसासारखा गळून जातो, ते काही मनाला पटत नाही. डबा किती उंच होता ते आप्पांना आठवत नाही. माळ्यावर अजून दोन जुने डबे आहेत, रविवारी उतरवून मोजतो.